किल्ली नसलेलं दार

११ सप्टेंबर १९५५, रविवार

आज घर पाहिलं. त्यासाठी ही वही मुद्दाम नवी घेतली. जुन्या वहीत धोब्याचे कपडे आणि बायकोच्या, बकुळेच्या, औषधांच्या वेळा आहेत. त्यांच्या शेजारी घराची गोष्ट लिहावीशी वाटेना.

परळच्या जुन्या गावठाणात, नाखव्याच्या गल्लीत. खाली दोन खोल्या, वर एक, कौलारू. वरच्या खोलीत उभं राहिलं की आभाळ दिसतं. जिन्याची तिसरी पायरी नाहीच. एका खांबाला वाळवी लागली आहे. सहज दाबून पाहिला तर बोट आत गेलं. मोरीचं पाणी कुठे जातं ते मालकिणीलाही ठाऊक नाही. एवढं पाहिल्यावर शहाण्या माणसाने नमस्कार करून निघावं. मी मात्र पुढचं दार चार वेळा उघडलं आणि चार वेळा लावलं. सागवानी आहे. लावलं की गल्लीचा आवाज थांबतो. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे मी पहिल्यांदाच अनुभवलं.

नायगावच्या चाळीत आमची एक खोली, तिला एक दार, आणि ते सकाळपासून उघडं. मिटलं की शेजारी विचारतात, काय झालं, भांडण का?

परत येताना बकुळा म्हणाली, "दोन माणसांना घर मोठं आहे."

"तीन," मी म्हटलं. "दौलत आहे ना."

ती हलक्या पावलांनी पुढे चालू लागली. म्हणजे तिला आवडलं असावं.

२ ऑक्टोबर, रविवार

घर घेतलं. पैशाचं इथे लिहीत नाही. ते दुसऱ्या वहीत आहे, आणि ती वही उघडायचा धीर होत नाही.

मालकीण पुतळाबाई, कोळीण, साठीच्या पुढची. नवरा गेला, लेक शीवच्या कोळीवाड्यात दिली आहे, आता तिच्याकडे राहायला जाणार. घर सासऱ्याने बांधलेलं. खरेदीखतावर तिने सरळ अंगठा उठवला, मीच दोनदा वाचून सही केली. मग तिने कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"आणि मागच्या दाराची?"

"त्याला किल्ली नाय, बाबा. कधीच नवती."

"हरवली असेल."

"नाय रे. कुलूपच नाय तर किल्ली कशाला? ते दार बंद नको करू हां. बाकी घर तुजं, पाड नायतर बांद."

म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतंच. मी हो म्हटलं. पोचवायला आलो तर ती पुढच्या दारातून न जाता मागच्याच दारातून गेली.

१२ ऑक्टोबर, बुधवार

राज्य पुनर्रचनेचा अहवाल बाहेर आला आणि दौलतचं घरातलं लक्ष उडालं. दौलत माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी चोवीस. आम्हाला मूल झालं नाही, पण बकुळेने त्याला असा वाढवला की लोक तिलाच त्याची आई समजत. आता तो शेजारच्या मिलमध्ये कापड विणायचे चार साचे चालवतो आणि गेटवर भाषणं करतो.

मी कौलं किती लागतील ते मोजत होतो. हा म्हणतो, "दादा, मुंबईच आपली राहते की नाही ते ठरत नाहीये, आणि तू कौलं मोजतोस?"

"मुंबई कुणाचीही झाली तरी पाणी माझ्याच डोक्यावर गळणार," मी म्हटलं.

तो हसला. हसला की तो अजून सहा वर्षांचाच दिसतो. हे त्याला सांगितलेलं आवडत नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

राहायला आलो. खांब बदलला, पायरी बसवली, मोरीचं पाणी सापडलं (शेजारी तुळशीदासच्या अंगणात जात होतं, त्याला वीस वर्षं ठाऊक होतं आणि तो काही बोलला नव्हता). वरची खोली दौलतला दिली. रात्री गाढ झोप लागेल असं वाटलं होतं, ती लागली नाही. शांतता सवयीची नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

घर आहे की धर्मशाळा?

पहाटे पाच वाजता दोन कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन पुढच्या दारातून आल्या, स्वयंपाकघरातून गेल्या, मागच्या दाराने बाहेर. "येते गो," एवढंच बकुळेला म्हणाल्या. मग तुळशीदास, खांद्यावर जाळं. मग एक म्हातारा, त्याला मी ओळखतही नाही. तो माझ्या माठातलं पाणी प्यायला आणि भांडं पालथं घालून गेला.

तुळशीदासला पकडून विचारलं. तो जाळं विणता विणताच बोलतो, मान वर करत नाही.

"शामराव, मागची गल्ली या टोकाला बंद हाय. तिकडून हमरस्त्याला जायचं तर पाऊण मैलाचा वळसा. ही वाट पयली हाय, घर मागून झालं. पुतळीच्या सासऱ्याला गावानं जागा दिली ती याच बोलीवर. वाट उघडी ठेवायची."

"खरेदीखतात तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"ल्हिलेलं कसं असंल? समद्यांना म्हाईतच हाय."

मी मिलमध्ये टाइमकीपर आहे. भोंग्यानंतर पाच मिनिटं, मग फाटक बंद. बाहेर राहिला तो राहिला, हातापाया पडला तरी. वीस वर्षांत बिल्ला नसलेला माणूस माझ्या फाटकातून आत गेलेला नाही. आणि माझ्याच घरातून अख्खं गाव जातं.

बकुळेला याचा त्रास नाही. तिने एक बाक मागच्या दाराशी ठेवला आहे. तिचं म्हणणं, चाळीची सवय आहे, माणसं दिसली की बरं वाटतं. ती फक्त दिवेलागणीचं पाळते. आधी मागचं दार लोटायचं, मग दिवा लावायचा, नाहीतर लक्ष्मी मागच्या दाराने निघून जाते. दिवा लागला, हात जोडले, की पुन्हा दार उघडं.

"मग कायमचंच लावू. लक्ष्मी जायलाच नको," मी म्हटलं.

"तुमचं काहीतरीच," ती म्हणाली.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काल फोर्टात मोर्च्यावर गोळीबार झाला. माणसं मेली. मिल अर्धी रिकामी. मी फाटकाशी उभा होतो, बाहेर ठेवायला कुणी उशिरा आलेलंच नव्हतं.

दौलत काल संध्याकाळपर्यंत आला नाही. बकुळा मागच्या दाराशी बाकावर बसून राहिली, मी पुढच्या. तो आला मागून, बरोबर सहा जण, एकाच्या कपाळाला फडकं. सगळे माझ्या स्वयंपाकघरातून, नव्या फरशीवरून, चिखलाच्या पायांनी. बकुळेने एकेकाला चहा दिला. जाताना ते पुढून गेले आणि दहा मिनिटांनी दुसरे चार मागून आले.

मी भ्यालो होतो. दौलतसाठी भ्यालो होतो, हे इथे लिहून ठेवतो. तोंडातून मात्र फरशीचं निघालं.

२३ नोव्हेंबर, बुधवार

भांडण झालं. मी म्हटलं, घरात हे चालणार नाही. तो म्हणाला, हे घर कुठे आहे, दादा, हे तुझं दुसरं फाटक आहे. मी म्हटलं, मग बाहेर राहा. वीस वर्षं तोंडात बसलेलं वाक्य, सहज निघून गेलं.

त्याने वळकटी बांधली. बकुळेच्या पाया पडला, माझ्या नाही. गेला मागच्या दाराने. लालबागला युनियनच्या कुणा मित्राच्या खोलीवर राहणार.

चार दिवसांनी येईल. खायची आबाळ झाली की येतोच.

४ डिसेंबर, रविवार

आला नाही.

दगडू गवंडी बोलावला आणि मागचं दार बुजवलं. चौकटीसकट काढलं. विटा पक्क्या, सिमेंट एकास चार वाळू. दगडू म्हणाला, "घराच्या मागच्या भिंतीला एवढं कशाला? एकास सहा बास." मी म्हटलं, घाल. पुन्हा कुणाला वाटू नये की इथे वाट होती.

बाहेरून तुळशीदास पाहत उभा होता. मी वाट पाहत होतो तो भांडेल म्हणून. तो भांडला नाही. "तुमचं घर," म्हणाला आणि जाळं उचलून वळशाने निघाला.

बकुळेने विचारलं, "भावोजींना कळवलंत?"

"काय कळवायचं? आला की दिसेल."

५ डिसेंबर, सोमवार

पहाटे पाचला जाग आली. कुणी आलं नाही. फार छान वाटलं. साडेपाचपर्यंत छान वाटत होतं.

१८ डिसेंबर, रविवार

काढलेल्या दाराच्या फळ्यांचं टेबल करून घेतलं. जुना साग, काय वजन आहे. रंधा मारूनही एका कडेला हाताच्या उंचीवर खोलगट राहिलंच. इतकी वर्षं माणसांनी तिथेच ढकललं असणार. लिहिताना माझा तळहात बरोबर त्या खळग्यात बसतो. टेबल झकास झालं आहे.

बाक बकुळेने वर दौलतच्या खोलीत नेऊन ठेवला. आता ती दुपारी तिथे बसते. मी विचारलं, काय करतेस. म्हणाली, "काही नाही. ऊन चांगलं येतं." त्या खोलीत ऊन येत नाही. असो, तिला एकान्त मिळाला. यासाठीच तर घर घेतलं.

तुळशीदासला गुरुवारी बाजारात पाहिलं. तो मासळीकडे पाहत होता, मी मासळीकडे पाहत होतो.

९ जानेवारी १९५६, सोमवार

आज दौलत दिसला. आमच्या फाटकावर त्यांची सभा होती. वाळला आहे. सभा संपल्यावर गजांपाशी आला. मी आत, तो बाहेर.

"वहिनी कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि घर?"

"घर बरं आहे."

सांगायचं होतं की मागचं दार आता नाही. वाटलं, हे सांगितलं की तो हसेल किंवा चिडेल, आणि दोन्ही मला सोसवणार नाही. मग म्हणालो, "संक्रांतीला ये. पुढून ये." तो म्हणाला, "बघतो." तेवढ्यात भोंगा झाला आणि मला फाटक ओढायचं होतं.

"पुढून ये" म्हटलं ना. एवढ्यावरून कळायला हवं. बकुळेला म्हटलं, सांगितलं त्याला. ती म्हणाली, "नक्की सांगितलंत? दाराचं?" मी हो म्हटलं.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

दौलत आला नाही. पुतळाबाई आली. शीवहून, डोक्यावर पाटी नाही म्हणून चालताना अवघडल्यासारखी. तिळगूळ दिला, बकुळेच्या हातचं पाणी प्यायली आणि सवयीने उठून मागे गेली. भिंतीपाशी थांबली. हात लावला. मला वाटलं आता शिव्या देणार. कोळणीच्या शिव्या मी बाजारात ऐकलेल्या आहेत.

"गच्च बांदलंस रे बाबा," एवढंच म्हणाली. पुढून गेली. उंबऱ्यावर अडखळली. त्या दाराने जायची तिला सवय नसावी.

१७ जानेवारी, मंगळवार

काल रेडिओवर घोषणा झाली, मुंबई केंद्राच्या ताब्यात. पहाटेपासून रस्त्यांवर माणसंच माणसं. मिलचा भोंगा वाजला आणि कुणीही आलं नाही. मी वीस वर्षांत पहिल्यांदा फाटक बंद न करता घरी आलो. दुपारपासून गोळीबाराचे आवाज. संचारबंदी पुकारली आहे. पुढचं दार लावलं, आडणा घातला. आवाज बंद होत नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

बुधवारचं लिहितो. हात ठीक नाही, पण लिहितो.

दुपारचे पावणेदोन. बकुळेने भात वाढला होता. मागे भिंतीवर थाप पडली. मग आणखी थापा, पुष्कळ हात. कुणी बोलत नव्हतं, फक्त थापा. बकुळा ताट तसंच टाकून उठली. "भावोजी आहेत," म्हणाली. कसं कळलं तिला, देव जाणे. मी म्हटलं, त्याला ठाऊक आहे दार नाही. ती माझ्याकडे वळली. त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

बाहेर दोन बार झाले, अगदी जवळ. पायांचा आवाज, कुणीतरी भिंतीच्या बाजूने वर चढतंय असा. मग थापा थांबल्या आणि आणखी एक बार झाला. मग एकच हात, सावकाश.

पुढून वळसा घालायचा तर पाऊण मैल, आणि रस्त्यावर दिसेल त्याला गोळी. मी पहार घेतली. एकास चार. पहार लागली की ठिणगी उडायची आणि वीट तशीच. बकुळा खाली बसून पडलेले तुकडे हाताने ओढत होती. माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि सवयीने माझं लक्ष त्याच्याकडे जात होतं. पहिली वीट निघायला नऊ मिनिटं लागली. माणूस ओढून घेता येईल एवढं भोक पडायला सव्वीस.

पहिल्या विटेच्या जागेतून त्याचा चेहरा दिसला. भिंतीला टेकून बसला होता, पाय पुढे पसरलेला, मांडीखालून सगळं लाल. मला पाहून त्याने अगदी साधेपणाने विचारलं,

"दादा, दार कुठे गेलं?"

मी पहार मारत राहिलो.

सुटलेल्या पोरांकडून ऐकलेलं तुळशीदासने नंतर सांगितलं. चौघं मागच्या गल्लीत पळत आले. दौलत म्हणत होता, घाबरू नका, इथून घरात शिरू, आमचंच घर आहे. भिंत पाहिल्यावर त्याने तिघांना एकामागून एक खांद्यावर चढवून गल्लीच्या टोकाच्या कुंपणापलीकडे टाकलं. त्याला चढवायला कुणी उरलं नव्हतं. मग गोळी लागली.

तुळशीदास आणि त्याचा चुलता मुलूखभर फिरून मागून आले, गोळ्यांची पर्वा न करता. जाळ्याच्या झोळीत घालून त्याला माझ्या घरातून पुढे आणला, हॉस्पिटलपर्यंत नेला. माझ्या घरातूनच वाट होती.

२९ जानेवारी, रविवार

डाव्या गुडघ्याच्या वरून पाय काढला. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर पायही राहिला असता. त्यांना सव्वीस मिनिटांचं काही ठाऊक नाही. सहज बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

चार साचे चालवणारा माणूस दिवसभर उभा असतो. आता तो काय करणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही नाही.

आज संध्याकाळी त्याचे युनियनचे मित्र आले. एकाने विचारलं, दौलत, तू तर म्हणत होतास घरातून वाट आहे? मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"मीच गल्ली चुकलो," दौलत म्हणाला. "दादाने सांगितलं होतं मला. गेटवरच सांगितलं होतं दार बुजवलंय म्हणून. घाईत लक्षात राहिलं नाही."

बकुळेने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं ठाऊक आहे. दौलतने माझ्याकडे पाहिलं नाही. तो छताकडे बघत होता. मी गप्प बसलो. या गप्प बसण्याला काय म्हणावं ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

गुरुवारी टेबल मोडलं. दगडूने उरलेली भिंत काढली, सुताराने त्याच फळ्या पुन्हा दाराला बसवल्या. खळगा बरोबर हाताच्या उंचीवर आला. सुतार विचारत होता, कडी कुठली घालू. म्हटलं, नको. त्याला वाटलं मी खर्च वाचवतोय. साधी खिटी तरी घ्या म्हणाला, वाऱ्याने आपटेल. आपटू दे.

हे मांडीवर वही ठेवून लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं येतं.

पहाटे पाचला मी दार उघडून बसलो होतो. कुणी आलं नाही. आज तिसरा दिवस, आजही नाही. माणसांना वळशाची सवय झाली असेल, किंवा माझ्यावर चीड असेल. चीडच असावी.

२६ फेब्रुवारी, रविवार

दौलतला आज घरी आणला. कुबड्यांवर. टॅक्सी पुढे थांबत होती, तो म्हणाला, नको, मागे घ्या. पाऊण मैलाचा वळसा घेऊन टॅक्सीवाला कुरकुरत मागच्या गल्लीत आला. दौलत दारापाशी थांबला, तळहात त्या खळग्यात ठेवला आणि ढकललं.

संध्याकाळी गल्लीतली माणसं भेटायला आली. पुतळाबाई शीवहून आली होती, तुळशीदास आला, त्या पाटीवाल्या दोघी, माठातलं पाणी पिणारा म्हाताराही. सगळे पुढून आले, पाहुण्यांसारखे. चपला बाहेर काढून. बकुळेने बाक खाली आणून दौलतला त्यावर बसवलं होतं.

म्हाताऱ्याने विचारलंच, "पोरा, तुजं घर असून चुकलास कसा रे?"

दौलत म्हणाला, "घाईत, बाबा. दादाने सांगितलं होतं..."

"नव्हतं सांगितलं," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मी उभा होतो, तसाच उभ्याने बोललो. म्हटलं, दार मी बुजवलं. ते तुम्हाला दिसलंच. पण याला मी सांगितलं नव्हतं. गेटवर समोर उभा होता, विचारत होता घर कसं आहे, आणि मी सांगितलं नाही, कारण माझं त्याच्याशी भांडण होतं. तो चुकला नाही. तो बरोबर आला होता.

दौलत खाली मान घालून होता. मग तो म्हणाला, "दादा, बस की जरा," आणि बाकावर सरकला. मी बसलो. त्याचा पाय जिथे असायला हवा होता तिथे माझं धोतर पसरलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

पुतळाबाई उठली. "चला, आंधार पडतो," म्हणाली. ती मागच्या दाराकडे निघाली. तिच्यामागून तुळशीदास. मग त्या दोघी, "येते गो" म्हणत. म्हातारा माठापाशी थांबला, पाणी प्यायला, भांडं पालथं घालून गेला.

दिवेलागण झाली होती. बकुळा समई घेऊन आली. रोजच्या सवयीने ती मागच्या दाराकडे गेली, फळीला हात लावला, आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग दार न लोटताच परत आली आणि तिने दिवा लावला.